जुनी गाडी घेताय? आधी खालून बघा

माझा मावसभाऊ मुंबईची नोकरी सोडून मालवणला परतला. घराला लागून दोन खोल्या बांधल्या, पर्यटक ठेवायला लागला आणि महिन्याभरात कळलं की गाडीशिवाय भागत नाही. कुडाळ स्टेशनवरून पाहुणे आणायचे, ओरोसला कागदांसाठी खेपा घालायच्या, मावशीला दोन महिन्यांतून एकदा कोल्हापूरला डॉक्टरकडे न्यायचं. हातात जेमतेम तीन लाख. तो फोनवर गाड्यांचे फोटो पाठवायला लागला आणि प्रत्येक फोटोखाली एकच प्रश्न: "ही सेफ आहे का रे?"

तीन लाखांत मिळणारी गाडी आजच्या मापाने बहुतेक वेळा सेफ नसते. कुठे ना कुठे खोट असतेच, आणि ती ठाऊक असूनच आपण गाडी घेतो. म्हणून मी त्याला प्रश्न थोडा बदलायला सांगितला. या गाडीत खोट कुठली आहे, ती दुरुस्त होते का आणि होत नसेल तर आपल्या वापरात ती चालवून घेता येईल का, एवढं बघायचं. पहिलीच गाडी घेणाऱ्यांसाठी तोच क्रम इथे मांडतो.

पहिलं काम: जन्माची खोट आणि मागाहून लागलेली खोट वेगळी करा

२०१४ साली ग्लोबल एनकॅप या गाड्या आदळून त्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने आपल्याकडच्या पाच खपाऊ गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळून पाहिल्या. अल्टो ८००, नॅनो, आय-१०, फिगो आणि पोलो, सगळ्या एअरबॅग नसलेल्या. पाचांनाही मोठ्या माणसांच्या सुरक्षेत पाचपैकी शून्य तारे मिळाले. ही बातमी बहुतेकांना आठवते, पण तिचा पुढचा भाग फारसा कुणी सांगत नाही. फिगो आणि पोलोचा सांगाडा त्या धडकेत टिकला होता, बाकी तिघींचा टिकला नाही. मग पोलोच एअरबॅग लावून पुन्हा आदळली तेव्हा तिला चार तारे मिळाले.

गिऱ्हाइकाला यातून नेमकं हेच उचलायचं आहे. सांगाडा मजबूत असेल तर एअरबॅग काम करते. माणूस बसतो ती जागाच चेपली तर पिशवी फुगून काय करणार? सांगाडा कुठल्याही गॅरेजात बदलून मिळत नाही, आणि बाहेरून एअरबॅग बसवून देतो म्हणणाऱ्याच्या दारात उभं राहू नका. ही जन्माची खोट. एक तर ती पत्करायची, नाहीतर दुसरी गाडी बघायची.

तारे बघताना साल आणि व्हेरियंट, म्हणजे त्याच मॉडेलचा खालचा-वरचा प्रकार, दोन्ही बघा. २०१६ मध्ये इटिऑसला चार तारे मिळाले ते दोन एअरबॅगसह. तिच्या आधीच्या, एअरबॅग नसलेल्या गाडीला ते लागू नाहीत. २०२२ च्या मध्यापासून ग्लोबल एनकॅपची परीक्षाच कडक झाली, त्यामुळे २०१८ चे चार तारे आणि २०२३ चे चार तारे एका तागडीत घालू नका. भारत एनकॅप, म्हणजे आपल्या सरकारची तशीच परीक्षा, तर १ ऑक्टोबर २०२३ ला सुरू झालं. आपल्या बजेटमधल्या गाड्या त्याच्या आधीच्या.

वर्षांचं गणित सोपं आहे. एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांत एबीएस (कचकन ब्रेक दाबला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा) आलं. १ जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग, पट्ट्याचा बीपर आणि मागचे पार्किंग सेन्सर आले. २०२२ उजाडल्यापासून पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग सक्तीची झाली. त्याच्या आधीची गाडी असेल तर कंपनीचं नाव पुरत नाही, व्हेरियंट विचारा. २०१५ सालच्या एकाच गाडीच्या खालच्या व्हेरियंटमध्ये काहीच नसतं आणि वरच्यात एबीएस व दोन एअरबॅग असतात. सेकंडहँडला दोघींच्या भावात वीस-तीस हजारांचा फरक पडतो, कधी तेवढाही नाही. माझं मत विचाराल तर मोठी टचस्क्रीन आणि अलॉय व्हील बघून पैसे देणाऱ्याने तेच पैसे इथे टाकावेत. आपल्याकडे चार महिने पाऊस. ओल्या घाटीत समोर अचानक गुरं आली की एबीएसची किंमत कळते.

दुसरं काम: रिकॉल बाकी आहे का ते बघा

हा भाग किनाऱ्यावर राहणाऱ्याने दोनदा वाचावा.

टाकाटा नावाची जपानी कंपनी जगभरातल्या गाड्यांना एअरबॅग पुरवत होती. पिशवी फुगवायला तिने आपल्या इन्फ्लेटरमध्ये अमोनियम नायट्रेट वापरलं. वर्षानुवर्षं उष्ण आणि दमट हवेत राहिलं की ते बिघडतं, आणि मग अपघाताच्या वेळी नीट पेटण्याऐवजी इतक्या जोराने पेटतं की इन्फ्लेटरची लोखंडी डबीच फुटते. तिचे तुकडे पिशवी फाडून समोरच्या माणसाला लागतात. यात माणसं गेली आहेत. जगभरात कोट्यवधी इन्फ्लेटर परत मागवले गेले आणि २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. आपल्याकडेही होंडा, टोयोटा आणि आणखी काही कंपन्यांनी २०१३ पर्यंतच्या अनेक गाड्या रिकॉल केल्या, म्हणजे दोष काढायला परत बोलावल्या.

आता उष्ण आणि दमट हे शब्द पुन्हा वाचा आणि मे महिन्यातलं वेंगुर्ला आठवा. जुनी गाडी दहा वर्षं नाशिकला राहिलेली असणं वेगळं आणि दहा वर्षं देवगडला माडाखाली उभी असणं वेगळं.

ही खोट मागाहूनची, आणि ती फुकट दुरुस्त होते. रिकॉलचं काम कंपनी पैसे न घेता करते, गाडी कितव्याही हातात असली तरी. अडचण अशी की कंपनीचं पत्र जातं पहिल्या मालकाच्या पत्त्यावर. त्याने गाडी विकलेली, घर बदललेलं, पत्र कुठल्या तरी सोसायटीच्या पेटीत पडलेलं. तिसऱ्या हाताला काही पत्ताच नसतो.

काय करायचं ते असं. आरसीवरून १७ अक्षरांचा चेसिस नंबर घ्या. कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉल तपासायची जागा असते, तिथे टाका किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करून नंबर वाचून दाखवा. एअरबॅगबरोबरच फ्युएल पंप, स्टिअरिंग, ब्रेक यांचेही रिकॉल असतात, तेही विचारा. "पेंडिंग आहे" असं उत्तर आलं तर घाबरून गाडी सोडू नका. काम विकणाऱ्याकडूनच करून घ्या आणि जॉबकार्डची (सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदीची) प्रत हातात आल्यावर उरलेले पैसे द्या. आधी पैसे देऊन "मग करून घेऊ" म्हणालात तर ते राहतंच.

भावाने शेवटी घेतलेली सेडान अशीच होती. २०१२ ची, निवृत्त मास्तरांची, पंचावन्न हजार किलोमीटर, आतून लखलखीत. चेसिस नंबर टाकला तर ड्रायव्हरच्या एअरबॅगचं काम बाकी. मास्तर बिचारे हादरले. नऊ वर्षं तेच स्टिअरिंग धरून नातवंडांना फिरवत होते. सर्व्हिस सेंटरने पार्ट मागवायला अकरा दिवस घेतले, बदलायला तासाभराहून जास्त लागलं नाही.

तिसरं काम: गाडी खड्ड्यावर घ्या आणि खालून बघा

त्याआधी एक गाडी जवळजवळ ठरली होती. पांढरी हॅचबॅक, रंग चकचकीत, टायर नवे, किंमत दोन लाख चाळीस. कुडाळच्या एका गॅरेजात खड्ड्यावर घेतली. मेस्त्री बॉनेटकडे ढुंकूनही न बघता थेट खड्ड्यात उतरले. मी वर उभा राहून पत्र्यावर बोटं वाजवत होतो. खालून आवाज आला, "वयसून काय बघतास? खालसून बघा."

खाली उतरलो. तळाला काळं कोटिंग मारलेलं, अगदी ताजं, वास येत होता. मेस्त्रींनी दाराच्या खालच्या बाजूला, जिथे जॅक लावतात तिथे, स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि अंगठ्याने दाबला. तो आत गेला. ठोकावा लागला नाही, नुसता दाबला. कोटिंगची साल निघाली आणि मागून तांबडा भुगा मेस्त्रींच्या मनगटावर सांडला. "ह्यो पत्रो नाय हां," ते म्हणाले, "पापड आसा." डिकीतला गालिचा उचलला तर स्टेपनीच्या खोबणीत कडेकडेने गंज आणि पांढरट मिठाचे डाग. मालक मासळीचा धंदा करायचा. वर्षानुवर्षं क्रेटमधलं बर्फाचं खारं पाणी डिकीत झिरपत होतं.

दाराखालचा तो पट्टा, ज्याला गॅरेजवाले बॉटम म्हणतात, सांगाड्याचाच भाग असतो. धडकेचा जोर मागे वाहून नेणं हे त्याचं काम. तो कुजला की कंपनीने चाचणीत मिळवलेले तारे कागदावर राहतात. म्हणजे मागाहून लागलेली खोट इथे जन्माच्या खोटीइतकीच वाईट होते. बॉटम कापून नवा पत्रा वेल्ड करून देतात, पण त्या पत्र्यावर मी माझ्या घरची माणसं बसवणार नाही.

खाली बघायच्या जागा अशा: दोन्ही बाजूंचे बॉटम, जॅकचे पॉइंट, मागच्या चाकांच्या कमानी, पुढची सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडते ते बोल्ट, आणि ब्रेकचे लोखंडी पाइप. पाइपावर नुसता तांबूसपणा असेल तर चालेल, खपल्या निघत असतील तर बदलायचे पैसे भावातून वजा करा. तांबड्या मातीला घाबरू नका. जांभ्याच्या मुलखात गाडीच्या पोटाला ती लागणारच. ती धुऊन मग बघायला सांगा. नव्या काळ्या कोटिंगला मात्र घाबरा. गाडी विकायच्या आदल्या आठवड्यात कुणी हौसेने कोटिंग करत नाही.

चेसिस नंबर गाडीवर जिथे कोरलेला असतो तिथला गंजही बघा. ट्रान्सफरच्या फॉर्मवर त्याचा पेन्सिलने काढलेला ठसा मागतात. अक्षरं गंजून गेली असतील तर आरटीओत पुढचे कित्येक दिवस जातात.

सीएनजीची गाडी असेल तर टाकीवरची तारखेची पाटी वाचा. टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, दर तीन वर्षांनी लागते. तारीख उलटलेली आणि टाकीच्या पट्ट्यांखाली गंज, अशी गाडी कितीही स्वस्त मिळो, टेस्ट होऊन आल्याशिवाय बोलणं नको.

चौथं काम: पुरात बुडालेली आणि ठोकलेली ओळखा

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, त्याच पावसात महाडही बुडालं. त्या पाण्यात उभ्या असलेल्या गाड्यांतल्या काही भंगारात गेल्या, काही धुऊनपुसून पुन्हा रस्त्यावर आल्या. धुतलेली गाडी चालते छान. पण एअरबॅगचा कंट्रोलर बहुतेक गाड्यांत गिअरच्या आसपास, अगदी फरशीलगत असतो, म्हणजे पाणी आधी तिथे पोचतं. इंजिन सुरू झालं म्हणजे गाडी वाचली असं होत नाही.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, अगदी रीळ संपेपर्यंत. वरचा दोन फूट स्वच्छ आणि आतल्या भागावर मातकट रेघ किंवा बुरशी दिसली तर समजा. सीटच्या रुळांवर गंज, मागच्या दिव्याच्या आत बारीक गाळ, फ्यूजबॉक्समध्ये हिरवी पूड, गाडीत अगरबत्तीछाप परफ्यूमचा मारा, यांतलं एखादं असेल तर मालकाला विचारा. तीन असतील तर नमस्कार करून निघा.

ठोकलेली गाडी ओळखायला कापडात गुंडाळलेला साधा लोहचुंबक पुरतो. दार, छत आणि खांबांवरून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे खाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. दारावरची लांबी माफ. आपले रस्ते आणि आपल्या एसट्या बघता कोपरा घासलेला नसेल अशी गाडी सापडायची नाही. खांबावर किंवा छताच्या कडेला लांबी सापडली तर गाडी सोडा. सीटबेल्टच्या मुळाशी शिवलेल्या चिठ्ठीवर साल असतं. गाडी २०१४ ची आणि बेल्ट २०१८ चा, तर मधे काहीतरी झालेलं आहे.

आता एअरबॅगचा दिवा. चावी दुसऱ्या टप्प्यावर फिरवली की तो लागला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर बिघाड. मुळात लागलाच नाही तर त्याहून वाईट, कारण कुणीतरी बल्ब काढलाय. काही उस्ताद त्याची वायर ऑइलच्या दिव्याला जोडतात, म्हणून दोन्ही दिवे नेमके एकाच क्षणी विझतात का ते बघा. फुटलेली एअरबॅग बदलायला बराच खर्च येतो. तो वाचवायला नुसतं झाकण चिकटवून ठेवणारेही असतात. स्टिअरिंगवरचं आणि डॅशबोर्डवरचं झाकण सारख्या रंगाचं आणि सारख्या फटीचं आहे ना, हे उजेडात बघा.

पाचवं काम: उतारावर चालवा

हायवेवर सरळ पाच किलोमीटर चालवून काही कळत नाही. आंबोली किंवा फोंडा घाट गाठायची गरज नाही, गावातली एखादी लांब घाटी पुरते. दुसऱ्या गिअरवर उतरा, ब्रेक अधूनमधून दाबा. पेडल हळूहळू आत जात असेल, स्पंजासारखं लागत असेल तर ब्रेक ऑइल जुनं आहे किंवा पाइप गळतोय. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, आपल्याकडे तर जोमाने. घाटात ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल थेट फळीला टेकतं. रिकाम्या रस्त्यावर चाळीसच्या वेगाने एकदा ब्रेक दाबून धरा, आधी मागचा आरसा बघून. गाडी एका बाजूला ओढते का? एबीएस असेल तर पायाखाली थरथर जाणवते.

टायरची नक्षी बघून भुलू नका. बाजूच्या चार आकड्यांत आठवडा आणि साल असतं: २२१७ म्हणजे २०१७ चा बाविसावा आठवडा. उन्हात उभ्या गाडीचा टायर न झिजताही कडक होतो. सहा वर्षांपुढचा असेल तर चारही नव्याचे पैसे धरूनच भाव बोला.

सहावं काम: कागद आणि पैसे

हे थोडक्यात, कारण एजंट बाकीचं सांगतोच. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी, कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून मालक, कितवा हात, विमा आणि बोजा घरबसल्या बघता येतं. रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं. चौदा वर्षं झालेली गाडी घेतलीत तर पुढच्या वर्षी फिटनेसचा खर्च तुमचा.

सिंधुदुर्गात गोवा पासिंगच्या गाड्या स्वस्त मिळतात. एनओसी, बारा महिन्यांच्या आत इथलं रजिस्ट्रेशन आणि इथला टॅक्स जोडला की स्वस्ताई आटते. शिवाय ती आधी रेंट-अ-कॅब होती का, म्हणजे काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं होती का, ते विचारा. भाड्याने घेतलेली गाडी वाळूत घालताना पर्यटकाचा जीव तुटत नाही.

विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्या. पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर राहिली तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडतो. त्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तुम्हाला मिळत नाही, तो माणसाबरोबर जातो.

इसार पाच-दहा हजारांच्या वर देऊ नका, आणि "मेस्त्रींना दाखवून पसंत पडल्यास" एवढे शब्द पावतीवर लिहून घ्या. खड्ड्यावर घ्यायला नाही म्हणणारा मालक तुमचं अर्धं काम वाचवतो.

घरी आणल्यावर

पहिल्या आठवड्यात ब्रेक ऑइल बदला. पुढे बुलबार, म्हणजे बंपरसमोरचा लोखंडी कठडा, असेल तर काढा. तो बेकायदा तर आहेच, वर धडकेचा जोर भलतीकडे नेऊन एअरबॅगच्या सेन्सरला फसवतो. पाऊस संपल्यावर एकदा आणि समुद्रकाठी फिरून आल्यावर प्रत्येक वेळी तळ गोड्या पाण्याने धुवा. गाडी माडाखाली न ठेवण्याचं कारण सांगायला नको, नारळ विमा बघून पडत नाही. एअरबॅग नसलेली गाडी घेतली असेल तर तिला हायवेच्या वेगाची सवय लावू नका. ती बाजारहाट, शाळा, स्टेशन यांसाठी. मुंबईला कोकणकन्येने जा.

मास्तरांची सेडान भावाने दोन लाख पंच्याऐंशीला घेतली, एबीएस आणि दोन एअरबॅगची. घरी आणल्यावर मागच्या सीटवरचे पट्टे सापडेनात. मास्तरीणबाईंनी शिवून घेतलेल्या सुंदर फुलाफुलांच्या कव्हरखाली बकल नऊ वर्षं दबलेले होते. मी कात्रीने तीन चिरा पाडल्या आणि ते वर काढले. मावशी मागे बसली, पट्टा लावला आणि म्हणाली, "एवढं चांगलं कव्हर फाडलंस."